‘सांगता येत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

‘‘अमेरिकेत, विसरायला होतं म्हणून तपासणीला आलेल्या माजी सैनिकांपैकी निम्म्याहून जास्त जण सोंग करताना पकडले गेले. आपल्याकडे तशी चाचणी सर्रास होत नाही, म्हणून इथे कळत नाही, एवढंच.’’ पुण्यातल्या एका परिसंवादात एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हे सांगितलं आणि सभागृहात माना डोलल्या. वेळ संपली होती, प्रश्न घेतले गेले नाहीत. तिथे जे बोलता आलं नाही ते इथे मांडते. ते विधान अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं विधान मेडिकल बोर्डाच्या टेबलावर पोचलं की एखाद्याची पेन्शन जाते.

आधी आकडा पाहू. तो बहुधा २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आर्मिस्टेड-जेल यांच्या अभ्यासातला असावा. डोक्याला सौम्य मार लागल्याच्या तक्रारीवरून अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेत तपासणीला पाठवलेल्यांपैकी ५८ टक्के जण एका पडताळणी चाचणीत, म्हणजे माणूस मनापासून प्रयत्न करतो आहे का हे पाहणाऱ्या चाचणीत, ठरलेल्या रेषेच्या खाली गेले. त्या अभ्यासात माणसं किती होती? ४५. त्याच्या आदल्याच वर्षी, तीच चाचणी वापरून, इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्यांच्या दुसऱ्या एका लहान गटात हे प्रमाण १७ टक्के निघालं होतं. नेल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्येच आणखी एक गोष्ट दाखवली. मार लागल्याचा इतिहास सांगणारे सैनिक भरपाईच्या तपासणीसाठी आले की निम्म्याहून जास्त जण नापास होतात. तसाच इतिहास सांगणारे सैनिक नुसत्या संशोधनासाठी आले, की नापासांचं प्रमाण दहात एकसुद्धा भरत नाही.

वक्ते यावर म्हणतील, बघा, पैसा मध्ये आला की लगेच फरक पडला! पडतो. मी ते नाकारत नाही, आणि जो नाकारतो त्याने हे काम करू नये. वीस वर्षं मी मेंदूला मार लागलेल्या, फिट येणाऱ्या, अर्धांगवायू झालेल्या माणसांची स्मरणशक्ती, लक्ष आणि विचारांचा वेग तपासते आहे. मुद्दाम चुकीची उत्तरं देणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या अहवालात तसं लिहिलंही आहे. पडताळणी चाचण्या बंद करा, त्या सैनिकांचा अपमान आहेत, असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. त्या नसतील तर बाकीच्या गुणांना अर्थ राहत नाही. माझा वाद चाचणीशी नाही. चाचणीने जे म्हटलंच नाही ते तिच्या तोंडी घालण्याशी आहे.

या चाचण्या नेमक्या कशा असतात ते मी इथे सविस्तर सांगणार नाही. ते उघड झालं की त्या निकामी होतात. तत्त्व सांगते. परीक्षा अवघड दिसते, पण असते अगदी सोपी. इतकी सोपी, की खरोखर मेंदूला मार लागलेली, बोलताना शब्द शोधणारी माणसंसुद्धा ती बऱ्याच अंशी पार करतात. मग एखादा तरतरीत दिसणारा माणूस त्यात फार खाली गेला, तर एक गोष्ट नक्की समजते: आज या खोलीत मिळालेले याचे गुण याच्या खऱ्या क्षमतेचं माप नाहीत. क्षमता निदान एवढी तरी आहे, कदाचित बरीच जास्त. बस. वजनकाटा हलत होता, आकडा धरू नका, एवढंच तिचं म्हणणं असतं. माणसाचं वजन किती, हे त्यातून कळत नाही. काटा कोणी हलवला, का हलवला, हेही कळत नाही.

आता इथून ‘सोंग’ या शब्दापर्यंत उडी कशी मारली जाते ते पाहा. समजा, शंभर जण तपासणीला आले आणि त्यांतले तीस मुद्दाम कमी गुण मिळवत आहेत. एक चाचणी अशा दहांपैकी सात जणांना ओळखते आणि प्रामाणिक दहांपैकी एकाला चुकून धरते, असं धरू. हे गृहीतक अवास्तव नाही. मग ती चाचणी तिसांतले २१ पकडेल आणि प्रामाणिक सत्तरांतले ७. म्हणजे ‘पकडल्या गेलेल्या’ २८ जणांतला दर चौथा माणूस निर्दोष. आणि लबाड तिसांतले नऊ जण पास होऊन घरी जातील. आता गावातून, युनिटमधून असे शंभर जण आले की ज्यांत सोंग करणारे दहाच आहेत. चाचणी तीच, चुकीचं प्रमाणही तेच. पण आता पकडलेल्या १६ जणांत नऊ प्रामाणिक आणि सात लबाड. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोर आणि संन्यासी एकाच दोरीत बांधलेले आहेत आणि दोरी पाहून कोण कोण ते ओळखता येत नाही.

हे मी नवीन सांगत नाही. या क्षेत्रातल्या जाणकारांनी ते केव्हाच मान्य केलं आहे, म्हणून एका चाचणीवर कोणी शहाणा थांबत नाही. स्लिक, शर्मन आणि आयव्हरसन यांनी १९९९ मध्ये सोंगाचं निदान कधी करावं याचे निकष घालून दिले आणि २०२० मध्ये ते स्वतःच सुधारले. त्यांतही नुसते गुण पुरत नाहीत. मिळण्यासारखा ठोस फायदा असावा लागतो, पुरावा एकाहून अधिक बाजूंनी यावा लागतो, आणि हे वागणं आजाराने, मानसिक त्रासाने किंवा वाढीतल्या अडचणींनी पुरेसं उलगडत नाही हे दाखवावं लागतं. अमेरिकेतल्या क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्टांच्या अकादमीने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये या विषयावर सर्वसहमतीचं निवेदन काढलं. ज्यांनी या चाचण्या घडवल्या, त्यांचा सूर सावध आहे. छातीठोकपणे बोलतात ते आकडा दुसऱ्याच्या भाषणातून उचलणारे.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांनाही थांबवायचं आहे. ‘नैराश्य होतं, पाठ दुखत होती, म्हणून तो नापास झाला,’ असं सरसकट म्हटलं जातं. अभ्यास बहुतेक वेळा तसं सांगत नाहीत. निराश माणूस किंवा दुखणं असलेला माणूस एवढ्यानेच या सोप्या चाचणीत सहसा आपटत नाही. पण रात्रभर न झोपलेला, तीन प्रकारच्या गोळ्या घेणारा, समोरचा आपल्याला खोटारडा समजतो आहे या रागाने बसलेला आणि ‘एकदा तरी माझा त्रास यांच्या डोळ्यांत भरू दे’ म्हणून दोन पायऱ्या खाली उतरणारा माणूस नापास होतो. त्याने त्रास रचला नाही, असलेला त्रास वाढवून दाखवला. त्याच्या गुणांवर विश्वास ठेवता येणार नाही, मान्य. पण त्याला त्रास नाही, हे कुठून आलं?

सैनिकाच्या बाबतीत तर प्रश्नच पुष्कळदा चुकीचा विचारला जातो. होग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये इराकहून परतलेल्या २,५२५ अमेरिकी सैनिकांचा अभ्यास छापला. स्फोटात किंवा अन्यथा बेशुद्ध पडलेल्यांत त्रास जास्त होता. पण युद्धानंतरचा मानसिक आघात आणि नैराश्य हिशेबात घेतल्यावर डोक्याच्या माराशी असलेला संबंध डोकेदुखी सोडली तर जवळजवळ विरला. हा अभ्यास दोन्ही बाजू वापरतात. एक बाजू म्हणते, पाहा, मेंदूला काही झालेलं नाही. मी म्हणते, पाहा, त्रास खरा होता, तुम्ही तो ज्या कप्प्यात शोधत होतात तिथे तो पूर्ण मावत नव्हता. आणि मेंदूचा कप्पाही अजून बंद करता येत नाही. डॅनियल पर्ल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये, स्फोटाचा धक्का बसलेल्या काही दिवंगत सैनिकांच्या मेंदूंत एक वेगळ्याच धर्तीचा व्रण दाखवला. तो मेंदूतल्या करड्या आणि पांढऱ्या भागांच्या सीमेवर, रक्तवाहिन्यांच्या कडेने होता. नेहमीच्या एमआरआयमध्ये तो दिसत नाही. मेंदू मोजकेच होते, त्यावरून प्रत्येक तक्रार खरी ठरत नाही. पण ‘स्कॅन नॉर्मल, चाचणीत नापास, म्हणजे काही नाही’ हे समीकरण त्या व्रणाने मोडलं.

आणि वक्त्यांनी ज्याचा उल्लेखही केला नाही ती गोष्ट म्हणजे सैनिक त्रास लपवतो. पेन्शनीच्या टेबलावर बसलेल्याला वाढवून सांगणारा दिसतो. पलटणीत असणाऱ्याला विचारा, तो लपवणारा दाखवेल. डोक्याला मार लागल्याचं नोंदवलं तर तुकडी पुढे जाते आणि आपण मागे राहतो, मेडिकल कॅटेगरी खाली येते, कोर्स हुकतो, बढती अडते. अमेरिकी लष्कराने २००६ मध्ये मैदानावरच करायची एक छोटी तपासणी आणली, मेस नावाची. तिच्यातल्या शब्दांच्या याद्यांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या ठेवाव्या लागल्या, कारण एकच यादी असली तर ती तोंडपाठ होते. ८ जानेवारी २०२०ला इराकमधल्या ऐन अल-असद तळावर इराणची क्षेपणास्त्रं पडली. कोणाला इजा नाही, असं आधी जाहीर झालं. पुढच्या आठवड्यांत मेंदूला मार लागल्याचं निदान झालेल्यांची संख्या शंभरावर गेली. त्या रात्री जे उठून कामाला लागले त्यांना कोणतीही पडताळणी चाचणी ‘अविश्वसनीय’ म्हणाली नसती. वाढवून सांगणाऱ्याला पकडायची साधनं आपण पन्नास बनवली. लपवणाऱ्यासाठी काय बनवलं?

यावर एक उपाय सांगितला जातो, आणि वक्त्यांनीही तो सांगितला: मोहिमेवर जाण्याआधीच सगळ्यांची संगणकावर चाचणी घ्या, मार लागला की पुन्हा घ्या, फरक बघा. कल्पना वाईट नाही. व्हिएतनाम युद्धात डोक्यात गोळी किंवा छर्रे घुसलेल्या सैनिकांच्या दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासात भरतीच्या वेळची बुद्धिमापन चाचणी हाताशी होती. मार लागल्यानंतर माणूस किती टिकून राहतो, हे मुख्यतः मार लागण्याआधीच्या बुद्धीवर अवलंबून असतं, हे त्यामुळेच कळलं. पुढे २००८ च्या कायद्याने अमेरिकेत मोहिमेआधीची चाचणी सक्तीची झाली आणि अनॅम हा संगणकी संच निवडला गेला. दहा लाखांवर चाचण्या झाल्या. मग काय झालं? प्रोपब्लिका आणि एनपीआर यांच्या पत्रकारांनी २०११ मध्ये मांडलं, की मार लागल्यावर आधीच्या गुणांशी तुलना करण्यासाठी त्या नोंदी फारशा वापरल्याच गेल्या नाहीत. लष्कराचे तत्कालीन सर्जन जनरल एरिक शूमेकर यांनी काँग्रेससमोर या चाचणीची तुलना नाणेफेकीशी केली. घाईच्या सकाळी, शंभर जणांच्या हॉलमध्ये, शेजारी कोणी खोकत असताना अर्ध्या झोपेत माऊस दाबलेला माणूस. त्याचे ते आधीचे गुणच मुळात खरे होते का? हा प्रश्न विचारला गेला तो दहा लाख चाचण्या झाल्यानंतर.

आता आपल्याकडे येते.

सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त हवालदार गेल्या वर्षी माझ्याकडे आले. गावात त्यांना सगळे मेजर म्हणतात, आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. नोकरीतली बरीच वर्षं मोर्टार प्लाटूनमध्ये गेलेली. सोबत बायको, आणि पिशवीत प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये आधीच्या एका तपासणीचा अहवाल. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं: प्रयत्न अपुरा, तक्रारी विश्वासार्ह वाटत नाहीत. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, ‘‘मॅडम, मी लबाड आहे असं लिव्हलंय का ह्यात?’’

ती तपासणी हिंदीत झाली होती. गावाहून रात्रीच्या एसटीने निघून ते सकाळी थेट टेबलासमोर बसले होते. आकडे उलटे म्हणायचा भाग मीही आधी हिंदीतच घेतला, मुद्दाम. मी आकडे म्हटले की त्यांचा उजवा अंगठा टेबलाखाली बोटांच्या पेरांवर सरकायचा. एकेक पेर दाबून ते आकडा ठेवून घ्यायचे, मग मनात मराठीत आणायचे, उलटायचे, पुन्हा हिंदीत न्यायचे. ‘नौ’ म्हणताना तर ते दर वेळी थबकायचे. चौथ्या आकड्यापाशी सगळं कोसळायचं. थोड्या वेळाने तोच प्रकार मराठीत घेतला. अंगठा हलला नाही. एक आकडा जास्त आला.

एक आकडा म्हणजे फार नाही असं वाटेल. पण आकडे सुलटे-उलटे म्हणण्याच्या याच साध्या खेळातून पडताळणीचं एक गणित काढलं जातं, आणि त्यात पास-नापासातलं अंतर एका-दोन आकड्यांचंच असतं. ती रेषा इंग्रजी बोलणाऱ्या, आपल्या जवानापेक्षा जास्त शिकलेल्या लोकांवरून आखलेली. कमी शिकलेल्यांत अशा रेषा प्रामाणिक माणसालाही जास्त वेळा खाली ओढतात, हे माहीत असलेलं आहे. हा धडा तर शंभर वर्षांचा आहे. १९१७-१८ मध्ये अमेरिकेने सुमारे १७ लाख नवभरतीच्या सैनिकांची बुद्धिमत्ता मोजली. निरक्षरांसाठी आणि इंग्रजी न येणाऱ्यांसाठी चित्रांची वेगळी परीक्षा होती. चित्रात काय राहिलंय ते ओळखा. टेनिसच्या कोर्टावरची जाळी राहिली होती, फोनोग्राफचा कर्णा राहिला होता. ज्याने आयुष्यात कोर्ट पाहिलं नाही त्याला मंद ठरवलं गेलं, आणि स्टीफन जे गुल्ड यांनी १९८१ मध्ये त्याची चिरफाड केली. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्सने २००४ मध्ये भारतीयांसाठी चाचणीसंच काढला आणि वय, शिक्षण, स्त्री-पुरुष असे वेगवेगळे मापदंड दिले. ते मोठं काम आहे. पण मराठी बोलणाऱ्या, दहावी-बारावी झालेल्या, वीस वर्षं हिंदीत हुकूम ऐकलेल्या आणि स्फोटाजवळ राहिलेल्या माणसासाठी पडताळणीची रेषा कुठे ओढायची, याचं माप माझ्या हातात नाही. ते नसताना मी ‘अविश्वसनीय’ हा शिक्का मारला, तर तो त्याच्यापेक्षा माझ्या मापाबद्दल जास्त बोलतो.

आता कायद्याकडे पाहा, म्हणजे ही गफलत कुठे दुखते ते कळेल. अपंगत्व पेन्शनीच्या १९८२ च्या नियमांत स्पष्ट होतं: हक्क सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही आणि वाजवी शंका असेल तर फायदा त्याला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह यांच्या खटल्यात हेच उचलून धरलं. सिग्नल्समध्ये १९८५ ला भरती झालेला शिपाई, १९९४ ला फिट येतात म्हणून बोर्ड आउट झालेला. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती, म्हणून तो नोकरीमुळे झाला असं धरून चालावं, नाही असं म्हणायचं तर ते सरकारने दाखवावं. अमेरिकेच्या कायद्यातही, पुरावा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर झुकतं माप माजी सैनिकाला, असं कलम आहे. म्हणजे ते १९८२ चे नियम आणि हे अमेरिकी कलम एकच सांगतात, माहीत नसेल तर त्याच्या बाजूने. आणि पडताळणी चाचणीचा खरा निकाल तर ‘माहीत नाही’ हाच असतो! ‘आजच्या गुणांवरून सांगता येत नाही’ हे उत्तर अहवालात ‘आजार नाही’ असं उतरलं, की कायद्याने सैनिकाला दिलेला शंकेचा फायदा एका शब्दाने काढून घेतला जातो, आणि तेही विज्ञानाच्या नावाने. आपल्याकडे २०२३ मध्ये या पेन्शनीचे नवे नियम आले तेव्हाही चर्चा गैरफायदा घेणाऱ्यांचीच जास्त होती. गैरफायदा घेणारे आहेत. त्यांच्यासाठी चौकशी करा, साक्षी काढा, युनिटचे कागद मागवा. मानसशास्त्रज्ञाच्या एका वाक्यावर ते ओझं टाकू नका.

घाईने ‘सोंगाडा’ ठरवण्याची किंमत युद्धांच्या इतिहासाने मोजलेली आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये शेल शॉकवर, म्हणजे तोफगोळ्यांच्या माऱ्यात खचलेल्या सैनिकांच्या त्रासावर लिहिलं. पुढच्याच वर्षी हॅरी फार या ब्रिटिश शिपायाला, जो त्याच त्रासासाठी महिनोन् महिने रुग्णालयात राहून आला होता, भ्याड ठरवून गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्यासह ३०६ जणांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ मध्ये.

हवालदारांची पूर्ण तपासणी मी दुसऱ्यांदा घेतली. आदल्या रात्री ते पुण्यातच पुतण्याकडे राहिले, झोपून आले, दोन सकाळींत काम विभागलं, आणि सगळं मराठीत झालं. पडताळणीच्या दोन चाचण्या घेतल्या, त्या दोन्ही त्यांनी पार केल्या. स्मरणशक्ती त्यांच्या वयाला आणि शिक्षणाला साजेशी निघाली, आधीच्या अहवालातले भयंकर गुण खरे नव्हतेच. पण कामाचा वेग मात्र बराच कमी होता, दोन गोष्टी एकदम सांभाळायच्या आल्या की ते अडखळत होते, आणि झोपेचा प्रश्न वेगळाच होता. हा वेग मोर्टारमुळे कमी झाला का? माझ्या चाचणीला ते सांगता येत नाही. मी तसंच लिहिलं: ‘पहिल्या तपासणीच्या गुणांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये, आजाराचाही नाही आणि सोंगाचाही नाही. वेग आणि लक्ष यांत अडचण आहे, कारण या चाचणीतून ठरत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासावं.’ ज्या छापील फॉर्मला हे जोडायचं होतं त्यात दोनच चौकोन होते, ‘आहे’ आणि ‘नाही’. मी दोन्ही रिकामे ठेवले आणि बाजूला ‘सोबतचा अहवाल पाहावा’ असं लिहून सही केली.

पुढची तारीख त्यांच्या बायकोने माझ्याकडून कॅलेंडरच्या फाडलेल्या पानावर लिहून घेतली. ‘‘ह्यांच्या ध्यानात राहायची नाही,’’ त्या म्हणाल्या, आणि कागद दुमडून कमरेच्या पिशवीत ठेवला.